पोटाची फाइल, हाताची फाइल आणि ताजा कलम

पत्र: "डॉक्टरसाहेब, माझे वडील 67 वर्षांचे. एसटीत कंडक्टर होते. आता वाळवा तालुक्यात गावी आई आणि ते दोघंच असतात, मी चिंचवडला. नऊ-दहा वर्षांपासून त्यांचं पोट साफ होत नाही. दोनदा दुर्बीण घालून तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून दीड वर्षापासून रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची कॅप्सूल चालू आहे. पाच महिन्यांपासून उजवा हात बसल्या जागी थरथरतो, चालणं मंदावलंय. मेंदूचा एमआरआय केला, तोही नॉर्मल. पुढच्या गुरुवारी सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. व्हॉट्सॲपवर आलं होतं की कंपवात पोटातूनच सुरू होतो असा शोध लागलाय. भाऊ म्हणतो, शौचाची जंतुतपासणी करू, एक लॅब घरून नमुना नेते. अमेरिकेतली चुलतबहीण म्हणते, त्वचेचा तुकडा काढून तपासा. आई म्हणते, वैद्यांकडून खाजकुयलीचं चूर्ण आणू. काय करू? मलाही कॉलेजपासून बद्धकोष्ठता आहे. मलाही हे होणार का?

ता. क. बाबा पाच-सहा वर्षांपासून झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. दिवाळीत आईच्या तोंडावर ठोसा बसला. ती आता बाहेरच्या खोलीत झोपते. कुणाला सांगू नको म्हणाली. शिवाय फोडणी करपली तरी बाबांना वास येत नाही, त्यावरून ती चिडते. याचा काही संबंध नसेल, तरी लिहिते."

ताई,

संबंध नसेल म्हणून तुम्ही जे ताजा कलमात टाकलंत, तिथूनच मी तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचायला घेतलं. बाबांची पोटाची फाइल जाडजूड आहे, हाताची नुकती उघडलीय, आणि झोपेची तर फाइलच नाही. पोटाच्या डॉक्टरांना पोटाचं सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांना हाताचं सांगितलं असेल, आणि रात्रीचं कुणालाच नाही. गुरुवारी या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर, एकाच माणसापुढे मांडायच्या आहेत. त्यासाठी काय काय न्यायचं ते सांगतो, पण त्याआधी एक काम आजच करा.

आईला फोन लावा आणि ती ॲसिडिटीची कॅप्सूल हातात घेऊन, स्ट्रिप उलटी करून, मागचं बारीक अक्षर वाचायला सांगा. चष्मा लावून. समोर ठळक छापलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव, ते नको. मागे दोन औषधं लिहिलेली असतील. पहिलं बहुधा रॅबेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल असेल, ते ॲसिड कमी करणारं. माझा जीव अडकलाय तो दुसऱ्यात. तिथे 'डोम्पेरिडोन' असेल तर कंपाच्या बाबतीत मी फारसा घाबरणार नाही, कारण ते मेंदूत फार शिरत नाही. पण 'लेव्होसल्पिराइड' असेल तर ती स्ट्रिप म्हणजे तुमच्या घरातला सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट आहे, दोन्ही दुर्बिणींपेक्षा आणि एमआरआयपेक्षाही.

कारण असं की, जठराच्या हालचालीला डोपामाइन हे रसायन लगाम घालतं. लेव्होसल्पिराइड तो लगाम सोडवतं, पोट लवकर रिकामं होतं, भरल्यासारखं वाटणं थांबतं. रुग्ण खूश, डॉक्टरही खूश. पण हे औषध मेंदूतही पोचतं आणि तिथल्या डोपामाइनलाही अडवतं. आणि मेंदूत डोपामाइन अडलं की माणूस मंदावतो, अंग ताठरतं, हात थरथरतो. हुबेहूब कंपवात. उलटीसाठी देतात ते मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी वर्षानुवर्षं चालू राहणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, ही सगळी याच वाटेची. लेव्होसल्पिराइड अमेरिकेत मंजूरच झालेलं नाही. आपल्याकडे मात्र ते 'गॅसची गोळी' म्हणून मेडिकलच्या काउंटरवरून, जुनी चिठ्ठी दाखवून, कधी चिठ्ठीशिवायही घरी येतं. दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेलं औषध दीड वर्ष चालतं, कारण ते बंद करा असं कुणी सांगतच नाही.

हे मी कुणाच्या चुका काढायला लिहीत नाही. माझ्याच हातून हे झालंय. नवी प्रॅक्टिस होती. एका निवृत्त शिक्षिकेला मी चक्करेची गोळी दिली होती. चार-पाच महिन्यांनी त्या आल्या तेव्हा चेहरा कोरा, आवाज खोल गेलेला, पाऊल उचलत नव्हतं. मी कंपवाताचं निदान करून मोकळा झालो, वर नवीन औषधही लिहिलं. आमच्या कंपाउंडरने पुडी बांधता बांधता विचारलं, "सर, बाईंची ती जुनी गोळी पण चालूच ठेवायची ना?" मला घाम फुटला. जुनी गोळी थांबवली, नवी दिलीच नाही, आणि तीन महिन्यांत बाई स्वतः पायऱ्या चढून वर आल्या. तेव्हापासून कंप घेऊन कुणीही आलं की मी आधी म्हणतो, पिशवी ओता. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओता.

तेव्हा स्ट्रिपवर ते नाव निघालं, तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना गुरुवारची वाट न बघता फोन करा आणि हात थरथरतोय हे सांगून 'ही थांबवू का' असं सरळ विचारा. औषधामुळे आलेला कंप औषध थांबवल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी जात नाही, आठवडे लागतात, कधी काही महिने. एवढा धीर धरावा लागेल.

पण नुसत्या स्ट्रिपवर खापर फोडून मी थांबलो असतो, तर ताजा कलम वाचलाच नाही असं झालं असतं. कॅप्सूल दीड वर्षाची, लाथा पाच-सहा वर्षांच्या आणि पोट दहा वर्षांचं. कॅप्सूल येण्याआधीच काहीतरी सुरू झालं होतं.

स्वप्न पडतं तेव्हा आपलं अंग लुळं असतं. डोळे तेवढे पापण्यांखाली फिरतात. मेंदूच्या देठात एक व्यवस्था असते, ती स्वप्नाच्या वेळी स्नायूंचा दोर कापून ठेवते, म्हणून स्वप्नात आपण कितीही पळालो तरी पलंगावरच असतो. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न अंगाने जगायला लागतो. ओरडतो, ठोसे मारतो, पलंगावरून पडतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी 1986 साली हा आजार पहिल्यांदा नीट मांडला. रेम स्लीप बिहेवियर डिसऑर्डर असं त्याचं लांबलचक नाव. पुढे अशा रुग्णांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्यावर लक्षात आलं की त्यातल्या पुष्कळांना नंतर कंपवात किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा आजार होतो. 2019 मध्ये अनेक देशांतल्या 24 केंद्रांनी मिळून 1280 रुग्णांचा हिशेब मांडला. दर वर्षी शंभरातल्या साधारण सहा जणांना असा आजार जडत होता. झोपेत लाथा झाडणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी हे होतं, झोपेत श्वास अडकणाऱ्यांनाही असे झटके येतात. पण लाथा, गेलेला वास, जुनी बद्धकोष्ठता आणि एकाच बाजूचा कंप, हे चौघं एकाच एसटीतून उतरले तर त्यांची आपसात ओळख असणार, असं कुठलाही मेंदूचा डॉक्टर धरून चालतो. (वासाच्या बाबतीत एक विचारून ठेवा, कोविडमध्ये गेला होता का? तसं असेल तर तो धागा कच्चा.)

आता तुमच्या व्हॉट्सॲपकडे येऊ. 'शोध लागलाय' यात थोडं खरं आहे, आणि ते खरं निदान दोनशे वर्षं जुनं आहे. लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 1817 साली या आजारावर छोटंसं पुस्तक लिहिलं, अवघ्या सहा रुग्णांवर. कंपवाताला पार्किन्सन म्हणतात ते याच्याच नावावरून. त्यातले काही तर त्याने रस्त्याने जाताना हेरलेले. त्या पुस्तकातच तो सांगतो की या लोकांची आतडी आधीपासून सुस्त असतात आणि शेवटी जबर रेचक द्यावं लागतं. पण पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं सगळ्यांचं लक्ष हातावर राहिलं. बद्धकोष्ठता म्हणजे म्हातारपण, झालं.

2003 मध्ये जर्मनीतले हायको ब्राक यांनी निधन झालेल्या रुग्णांच्या मेंदूंचा टप्प्याटप्प्याने अभ्यास केला. या आजारात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन वेडंवाकडं घडी होऊन पेशींत गोळा होतं. डोपामाइन तयार करणाऱ्या भागात, ज्याच्या ऱ्हासाने हात थरथरतो, तिथे ते पहिल्यांदा दिसत नाही असं त्यांना आढळलं. ते आधी दिसतं वासाच्या भागात आणि मेंदूच्या तळाशी, जिथून व्हेगस नावाची मज्जा, म्हणजे चेतातंतूंचा दोर, निघून जठर-आतड्यांपर्यंत जाते तिथे. मग त्यांनी तर्क मांडला की बिघाड आतड्यात सुरू होऊन या मज्जेच्या दोराने वर चढत असावा. आतड्याच्या भिंतीतही दहा कोटींहून जास्त चेतापेशी असतात, त्यामुळे हे अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

मला यातला सगळ्यात मजेदार पुरावा डेन्मार्कचा वाटतो. ॲसिडिटीवर चांगल्या गोळ्या नव्हत्या त्या काळात अल्सरच्या रुग्णांची ही व्हेगस मज्जाच शस्त्रक्रिया करून कापत. डेन्मार्कमध्ये सरकारी नोंदी चोख. 1977 ते 1995 या काळात ज्यांची मज्जा कापली होती ते लोक शोधले, आणि 2015 साली असं छापून आलं की ज्यांची पूर्ण मज्जा मुळापासून कापली होती त्यांना पुढे पार्किन्सन कमी झाला. दोरच कापला, तर चढणार कशावरून! दोन वर्षांनी स्वीडनमध्ये तोच हिशेब मांडला तेव्हा सरसकट फरक दिसला नाही, मुळापासून मज्जा कापलेल्यांत थोडा दिसला. उंदरांवर 2019 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने प्रयोग केला. आतड्यात बिघडलेलं प्रथिन टोचलं, ते मेंदूत पोचलं, आणि ज्यांची व्हेगस कापली होती त्यांच्यात पोचलं नाही. तरीही सगळ्या रुग्णांत ब्राकचा नकाशा बसत नाही. डेन्मार्कच्याच पेअर बोरहामर यांचं म्हणणं असं की हा आजार दोन वाटांनी येत असावा, काहींत शरीरातून वर आणि काहींत मेंदूतून खाली. शरीरातून येणाऱ्यांत बद्धकोष्ठता आणि झोपेतल्या लाथा कंपाच्या पुष्कळ आधी दिसतात. तुमच्या बाबांची हकिगत वाचताना हेच डोक्यात आलं, हे कबूल करतो. पण हा विचार अजून चर्चेत आहे, त्यावरून औषध बदलत नाही.

भावाने सांगितलेली तपासणी मात्र करू नका. पार्किन्सनच्या रुग्णांच्या आतड्यातले जंतू इतरांपेक्षा वेगळे असतात हे अनेक अभ्यासांत दिसलंय, पण बद्धकोष्ठतेनेच जंतू बदलतात, जेवणाने बदलतात, गोळ्यांनी बदलतात. तो रंगीत रिपोर्ट बघून पार्किन्सन आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. निरोगी माणसाची शौचातली जंतुसंपदा रुग्णाच्या आतड्यात सोडायचे प्रयोगही झाले. 2024 मध्ये बेल्जियममधून थोडा फायदा झाल्याचं आलं, त्याच वर्षी फिनलंडमधून काही उपयोग नाही असं आलं. पैसे वाचवा.

चुलतबहीण म्हणते ती त्वचेची तपासणी खरी आहे. मान, मांडी आणि घोट्याजवळून तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे काढतात आणि त्यातल्या बारीक चेतातंतूंत ते बिघडलेलं प्रथिन आहे का ते बघतात. 2024 मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात पार्किन्सनच्या शंभरातल्या 93 जणांत ते सापडलं, निरोगी लोकांत तीन-चार जणांत. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून करायची दुसरी एक तपासणी आहे, तिच्यावरचा 1123 जणांचा अभ्यास 2023 साली आला, तिथेही पार्किन्सनच्या सुमारे 88 टक्के रुग्णांत प्रथिन सापडलं. हे मोठं काम आहे. आजार सुरू व्हायच्या आधीच पकडून त्यावर औषध शोधायचं, तर अशा तपासण्यांशिवाय गत्यंतर नाही. पण या तपासण्यांतून 'ते प्रथिन आहे' एवढंच कळतं. मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी नावाचा पार्किन्सनचा कडक चुलतभाऊ आहे, त्यातही त्वचेची तपासणी होकारच देते. आणि होकार आला काय, नकार आला काय, सांगलीचे डॉक्टर बाबांना आज जे औषध देतील ते बदलणार नाही. बहिणीला धन्यवाद सांगा आणि बाबांच्या मांडीला हात लावू देऊ नका.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून 'मेंदूचं काही नाही' असंही कुणी म्हणालं असेल. तसं नसतं. पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय नॉर्मलच यायचा. गाठ, जुना पक्षाघात, पाणी साठणं असलं काही नाही ना, यासाठी तो काढतात. उपयोगाचं एक स्कॅन आहे, ट्रोडॅट. मेंदूत डोपामाइनच्या तारा शिल्लक आहेत का ते त्यात दिसतं. नुसत्या कॅप्सूलमुळे कंप असेल तर हा स्कॅन नॉर्मल येतो, खरा पार्किन्सन असेल तर एका बाजूचा ठिपका विझलेला दिसतो. म्हणजे बाबांच्या बाबतीत, स्ट्रिपवर ते नाव निघालं आणि गोळी थांबवून काही महिन्यांनीही गाडी अडलेली राहिली, तर तेव्हा या स्कॅनला अर्थ आहे. लागेल की नाही हे तुम्ही ठरवू नका, मीही नाही. बाबांना समोर बसवून बघणारा ठरवेल.

कारण हे निदान अजूनही बघूनच होतं. जगभर मान्य असलेले 2015 चे निकष उघडून पाहिले तर सुरुवात रक्ताने होत नाही, स्कॅनने होत नाही, हालचाल मंदावलीय का या प्रश्नाने होते. त्याच्या जोडीला बसल्या जागचा कंप किंवा ताठरपणा हवा. डॉक्टर बाबांना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर टकटक करायला सांगतील, मोठी उघडझाप आणि भरभर. तुम्ही घरीच करून बघा, आणि त्यासाठी बाबांच्या हातात त्यांचा जुना तिकिटाचा पंच द्या. एसटीच्या कंडक्टरच्या घरात तो कुठल्यातरी पत्र्याच्या पेटीत असतोच, टाकवत नाही. आधी डाव्या हाताने दहा-पंधरा वेळा वाजवायला सांगा, मग उजव्या. निरोगी हाताचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा येतो, टक टक टक. पार्किन्सनच्या हातात पहिले चार-पाच ठोके जोमाचे, मग उघडझाप लहान लहान होत जाते, मध्येच एखादा अडखळतो, शेवटी पंच नुसता थरथरतो. आयुष्यभर लाख वेळा केलेली हालचाल आहे ती, वयाने सुस्तावेल पण अशी आटत जाणार नाही. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या. बाबा अंगणातून चालत येतात तोही घ्या, उजवा हात हलतो की अंगाला चिकटून राहतो ते दिसेल. कागदावर एकच वाक्य पाच वेळा लिहायला सांगा, अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं का बघा. हे सगळं घेऊन जा, कारण डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यावर पुष्कळांचा कंप दहा मिनिटं शहाण्यासारखा गप्प राहतो. आणि आडवं झोपवून, मग उभं करून रक्तदाब मोजायला विसरू नका म्हणावं. पार्किन्सनचा तो कडक चुलतभाऊ ओळखायला त्याची मदत होते.

समजा, पार्किन्सनच ठरला. औषध बहुधा लेव्होडोपाचं असेल, सोबत कार्बिडोपा. आणि इथे पोट पुन्हा मध्ये येतं. ही गोळी शोषली जाते लहान आतड्यात. पोट सुस्त असेल तर ती जठरातच ताटकळते, म्हणून एखाद्या दिवशी लागू पडते, एखाद्या दिवशी नाही. शिवाय डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत जातात, गर्दी झाली की गोळी बाहेर राहते. त्यामुळे जेवणाआधी निदान अर्धा तास घ्यायची, पाण्याबरोबर. दुधाबरोबर नाही, लोहाच्या गोळीबरोबर नाही. म्हणून कुणी प्रथिनंच बंद करा म्हणालं तर ऐकू नका, माणूस वाळून जातो. पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते. आणि मळमळतंय म्हटल्यावर गावातला मेडिकलवाला प्रेमाने काय देईल? तीच मेटोक्लोप्रामाइड, नाहीतर तीच लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल. एका हाताने डोपामाइन द्यायचं आणि दुसऱ्याने अडवायचं. घरात फळ्यावर, कॅलेंडरवर, जिथे दिसेल तिथे ही दोन नावं लिहून त्यावर फुली मारून ठेवा.

आईची खाजकुयली हसण्यावारी नेऊ नका. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतो. 1937 साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी तो त्यातून वेगळा काढला, तेव्हा पार्किन्सनवर त्याचा उपयोग होईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हणजे आयुर्वेदातल्या कंपवातावर कवचबीज, म्हणजे हेच खाजकुयलीचं बी, देणाऱ्यांचा अनुभव बिनबुडाचा नव्हता. पण चूर्णाच्या चमच्यात आज किती आणि उद्या किती लेव्होडोपा आला ते सांगता येत नाही, आणि निदानाआधीच ते सुरू केलं तर गुरुवारी डॉक्टर अर्धवट झाकलेलं चित्र बघतील. गुरुवारपर्यंत नको. नंतर घ्यायचंच असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना सांगून. आणि वैद्यांनाही गोळीचं सांगून.

पोटासाठी सध्या काय? दुर्बिणी वाया गेल्या असं समजू नका, त्या वयात ते बघायलाच हवं होतं. थायरॉइड आणि कॅल्शियम तपासलं नसेल तर ते करून घ्या. इसबगोल चालू असेल आणि बाबा त्यावर अर्धा पेलाच पाणी पीत असतील तर ते आतड्यात लांबी भरल्यासारखं घट्ट बसतं. भरपूर पाणी पिणार असतील तरच ते घ्यावं. पार्किन्सनच्या बद्धकोष्ठतेत पाण्यात विरघळवून घ्यायची मॅक्रोगोलची पावडर चांगली लागू पडते, डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. पायाखाली छोटा पाट घेऊन बसायला सांगा. सकाळी चहानंतर, घाई न करता. एसटीत पस्तीस वर्षं पहिल्या गाडीसाठी घाईघाईत उरकलेल्या माणसाला हे शिकवायला वेळ लागेल.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर देतो. होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या 6790 पुरुषांना 24 वर्षं पाहिलं, त्यावरचा लेख 2001 साली आला. ज्यांना रोज एकदाही शौचाला होत नव्हती त्यांच्यात पार्किन्सनचं प्रमाण रोज एकदा जाणाऱ्यांच्या 2.7 पट होतं. हा आकडा फॉरवर्ड होतो. त्याच लेखातला दुसरा आकडा फॉरवर्ड होत नाही. या बद्धकोष्ठतेच्या गटातसुद्धा दर वर्षी दहा हजारांत सुमारे एकोणीस जणांनाच तो झाला. बाकीच्या नऊ हजार नऊशे ऐंशींना नुसतीच बद्धकोष्ठता. आणि ती सगळी माणसं पन्नाशीपुढची होती. तुमचं पोट कॉलेजपासून कुरकुरतंय, ते चिंचवडच्या वडापावने आणि बसून करायच्या नोकरीने कुरकुरतंय असं मी पैजेवर सांगतो. वडिलांना झाला म्हणून मुलीला होतोच असंही नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसरं कुणी नसतं.

निदान पक्कं झालं तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, ते आजारासोबत जगणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीच चालवलेलं. चिंचवडहून तुम्हाला सोपं पडेल. आधी तुम्ही एकट्या जाऊन या, बाबांना नंतर न्या.

आता आई. ती दिवाळीपासून बाहेरच्या खोलीत झोपते आणि कुणाला सांगू नको म्हणते, यावरून मला वाटतं, तो ठोसा तिला उद्देशून होता अशी शंका तिच्या मनात कुठेतरी बसलीय. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी शंका यायला जागा असतेच. तिला फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. गुरुवारच्या आधी गावी जाणारच आहात, तेव्हा सांगा. झोपेतल्या या आजाराची स्वप्नं बहुतेक सारखीच असतात. कुणीतरी अंगावर येतं, कुणी पाठलाग करतं, आणि माणूस स्वतःला नाहीतर आपल्या माणसाला वाचवायला हात उगारतो. बाबांना सकाळी विचारून बघा काय स्वप्न होतं. आठवलं तर बहुधा गर्दीची गाडी असेल आणि पायरीवर लोंबकळणारा कुणी चोर. पलंगाशेजारचा काचेचा पेला आणि कोपऱ्याचं टेबल हलवा, गादी जमिनीवर घ्या, काही दिवस आईची गादी त्याच खोलीत पण हाताच्या अंतराबाहेर टाका. झोपेतल्या या त्रासावरही औषधं आहेत, डॉक्टर देतील. फक्त गुरुवारी बाबांबरोबर तिलाही आत न्या, आणि रात्रीचं तिलाच सांगू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका.